एकाच चाकाची रेघ

रस्त्यावर टायरची एकच काळी रेघ होती. नोकरीतले कित्येक गुन्हे आता पुसट झाले आहेत, ती रेघ मात्र अजून तशीच दिसते.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी पूर्व उपनगरातल्या एका ठाण्यात पोलीस उपनिरीक्षक होतो. सोमवारी सकाळी मुलुंडच्या एका उतारावर, बस थांब्याजवळ, मोटार पदपथावर चढल्याचा फोन आला. मी, एक हवालदार आणि दोन शिपाई जीपने पोहोचलो, तोवर जखमीला टॅक्सीत घालून घाटकोपरच्या रुग्णालयात नेलं होतं. मोटार थांब्याच्या खांबाला नाक टेकून उभी होती. भोवती साठ-सत्तर माणसं. आत चोपन्न वर्षांचा एक गृहस्थ स्टिअरिंगवर दोन्ही हात तसेच ठेवून बसला होता. समोरची काच फुटली होती. ती अपघातात नव्हे, लोकांच्या दगडाने.

"साहेब, अ‍ॅक्सिडेंट-बिक्सिडेंट काही नाही. मारायलाच घातली गाडी," एक जण ओरडला.

"परवाच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोललाय. गाडीखाली घालीन म्हणाला होता. अख्खी सोसायटी साक्षीला आहे."

नावं सांगत नाही. गाडी चालवणारा सरकारी खात्यात लेखाधिकारी होता. ज्याच्या अंगावर गाडी गेली तो त्याच्याच सोसायटीचा सेक्रेटरी, एका औषध कंपनीत भांडारप्रमुख. पुढे मी त्यांना लेखाधिकारी आणि सेक्रेटरी एवढंच म्हणेन.

लेखाधिकाऱ्याला जीपमध्ये बसवून आम्ही पंचनामा सुरू केला. आमचा हवालदार मालवणकडचा. फीत धरून तो वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"साहेब, रेघ एकच हा. दुसरी खंय गेली?"

खरोखरच एकच होती. रस्त्याच्या मधोमध सुरू होऊन डावीकडे वळत गेलेली आणि गाडीच्या डाव्या पुढच्या चाकाखाली संपलेली. सतरा फूट. उजव्या चाकाची खूण शोधूनही सापडली नाही. एक पंच म्हणाला, "पुसली असेल हो." रस्ता कोरडा होता, पुसायला काही कारण नव्हतं. पंचनाम्यात मी "एकच रेघ" असं लिहून घेतलं. त्या वेळी त्याचा अर्थ मला कळला होता असं मात्र नाही.

अकराच्या सुमारास रुग्णालयात सेक्रेटरीचा जबाब घेतला. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. तो शुद्धीवर होता आणि त्याचा आवाज ठाम होता. "मी थांब्यावर उभा होतो. त्याने माझ्याकडे बघितलं आणि गाडी माझ्या अंगावर वळवली." धमकीचे साक्षीदार होते, जखमीचा स्पष्ट जबाब होता, ठाण्याबाहेर सोसायटीची माणसं उभी होती. खुनाचा प्रयत्न, कलम ३०७ लागलं. लेखाधिकाऱ्याला अटक झाली. अंगझडतीत पाकीट, पेन, रुमाल आणि चष्मा. चष्मा मी त्याच्याकडेच ठेवायला सांगितला.

मोटार वाहन निरीक्षकाने ठाण्याच्या आवारात गाडी चालवून पाहिली आणि संध्याकाळी अहवाल दिला : ब्रेक कार्यक्षम आहेत.

मग मी चौकशीला बसलो.

"धमकी दिली होती की नाही?"

"दिली होती."

"काय म्हणालात?"

"एक दिवस तुलाच गाडीखाली घालीन, असं म्हणालो."

"कशावरून?"

"पाण्यावरून. गच्चीवरची टाकी रोज सकाळी ओसंडते. ते पाणी भिंतीकडेला आमच्या गाड्यांच्या चाकांवर पडतं. पाइप दुरुस्त कर म्हणून वर्षभर सांगतोय. तो म्हणतो, फंडात पैसे नाहीत. त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाला, एवढी गाडी भिजते तर बेडरूममध्ये नेऊन ठेव. सगळे हसले."

"आणि आज?"

"उतारावर समोरून एक हातगाडी आडवी आली. मी जोरात ब्रेक दाबला. गाडी डावीकडे गेली."

"आपोआप?"

"मी वळवली नाही, साहेब."

"ब्रेक खराब होते?"

"नाही. महिन्यापूर्वीच नवे पॅड घातलेत."

असा आरोपी मी आधी पाहिला नव्हता. दर प्रश्नाला सरळ उत्तर देत होता आणि दर उत्तराने स्वतःच्या गळ्यातला फास आवळत होता. खोटं बोलणारा माणूस निदान एखादी पळवाट ठेवतो. याने "ब्रेक फेल झाले" एवढं म्हटलं असतं तरी वकिलाला धरायला काही मिळालं असतं.

हवालदार बाहेर येऊन म्हणाला, "साहेब, ह्यो एकतर लय साधो, नायतर लय पोचलेलो."

वरिष्ठ निरीक्षकांनी मला खोलीत बोलावलं. "सरकारी नोकर आहे ना? अठ्ठेचाळीस तास कोठडीत गेले की निलंबन. बुधवारी दुपारी बारा वाजता त्याचे अठ्ठेचाळीस भरतात. चार वर्षं राहिलीत पेन्शनला. केस पक्की असेल तर जाऊ दे जेलात. पण पक्की आहे ना रे?"

"साहेब, रेघ एकच आहे."

"रेघ कोर्टात उभी राहून बोलते का? साक्षीदार बोलतात."

मंगळवारी सकाळी त्याला दंडाधिकाऱ्यांपुढे हजर केलं. दोन दिवसांची पोलीस कोठडी मिळाली. परत येताना जीपमध्ये त्याने एकच गोष्ट विचारली, "तो कसा आहे?" आरोपीची ती चौकशी खरी की नाटकी, हे ओळखण्याइतकी नोकरी माझी तेव्हा झाली नव्हती.

दुपारी ठाण्यात फोन आला. बाईचा आवाज, दबलेला.

"त्या गाडीच्या केसचं बघता ते तुम्हीच का?"

"हो. कोण बोलतंय?"

"त्या गाडीचं ब्रेकचं काम दोघांनी मिळून केलं होतं. महिन्यापूर्वी एका रविवारी, खाली आवारात. दोघांनी. एवढंच सांगायचं होतं."

"दोघं म्हणजे कोण?"

फोन ठेवला गेला होता.

दोघं म्हणजे कोण हे समजायला फार डोकं लागत नव्हतं. सोसायटीत आदल्या दिवशी चौकशी केली तेव्हा सगळ्यांनी एक गोष्ट हसत सांगितली होती. भांडणापूर्वी हे दोघे पंधरा वर्षांचे जिवलग. वर्तमानपत्र एक, अर्धे पैसे याचे, अर्धे त्याचे. शिडी एक, इस्त्री एक. नव्या छोट्या गाडीसाठी दोघांनी एकाच दिवशी नंबर लावला आणि दोघांना गाड्या आल्या त्याही एकाच महिन्यात. "अर्धं-अर्धं म्हणायचो आम्ही त्यांना," एक म्हातारा म्हणाला होता. "बायका तेवढ्या वेगवेगळ्या केल्या, नशीब." पण ज्याने मिळून ब्रेकचं काम केलं, त्या सेक्रेटरीने आपल्या जबाबात ब्रेकचा शब्दही काढला नव्हता.

मी वाहन निरीक्षकाला पुन्हा बोलावलं. तो वैतागूनच आला.

"काल अहवाल दिलाय की."

"गाडी डावीकडे ओढते का, ते बघायचंय."

"मग कालच्या पत्रात तसं लिहायचं ना! तुमचं पत्र काय होतं? 'ब्रेक कार्यक्षम आहेत किंवा कसे.' आहेत. दाबला की गाडी थांबते. आवारात बैलगाडीच्या वेगाने कशी ओढणार ती?" एवढं बोलून त्याने बाह्या सरसावल्या. काम मात्र त्याने चोख केलं.

गाडीची पुढची दोन्ही चाकं उचलून घेतली. उजवं चाक हाताने फिरवलं, ते फिरत राहिलं. डावं फिरवलं, ते अर्ध्या फेरीतच थांबलं. मला त्याने ब्रेक दाबून सोडायला सांगितलं. सोडल्यावर उजवं मोकळं झालं. डावं आता हाताने हलेचना.

"या बघा इकडे," तो म्हणाला.

डाव्या चाकाची आतली बाजू काळ्या भुकटीने माखली होती, उजव्या चाकावर साधी धूळ होती. चाकं काढल्यावर मला रचना समजली. चाकाबरोबर एक लोखंडी चकती फिरते. ब्रेक दाबला की एक दट्ट्या दोन पॅडना त्या चकतीवर आवळतो, चिमटीत धरल्यासारखा. पाय काढला की दट्ट्याने सैल पडायला हवं. डाव्या बाजूचा दट्ट्या गंजून अडकला होता. पाय काढला तरी पॅड चकतीला घासतच राहायचे. म्हणून चकती तापून निळसर पडली होती आणि महिन्याभरापूर्वी घातलेले नवे पॅड अर्धे संपले होते. त्यातही आतला पॅड बाहेरच्यापेक्षा जास्त झिजलेला.

उजव्या बाजूचे पॅड त्याने माझ्या तळहातावर ठेवले. ते जुने होते. जाडी भरपूर, पण वरून काचेसारखे गुळगुळीत.

"हे पकडत नाहीत, घसरतात," तो म्हणाला. "डावे नवे, खसकन पकडतात. त्यात दट्ट्या आधीच टेकलेला. उतारावर जोरात दाबला की डावं चाक जाम होणार, उजवं फिरत राहणार. गाडी जाणार कुठे?"

"डावीकडे. आणि रेघ?"

"एकच पडणार. पॅड एका बाजूचे आधी झिजले तेव्हाच विचारायला हवं होतं, का झिजले? कोणी विचारलेलं दिसत नाही. नुसते बदलले. तेही एकाच बाजूचे. पुढची दोन्ही चाकं एकदम करायची असतात हो! कोण असला मेकॅनिक?"

मेकॅनिक आमच्या कोठडीत होता. मी त्याला बाहेर काढून समोर बसवलं.

"पॅड एकाच बाजूचे का बदलले?"

"उजवीकडचे चांगले होते, साहेब. दोघांच्याही गाडीचे डावीकडचेच गेले होते. चांगली वस्तू फेकून द्यायची का?"

"सेट केवढ्याचा येतो?"

"चारचा. आमच्या गाडीचे पॅड तेव्हा लवकर मिळत नव्हते. साकीनाक्याच्या एका दुकानातून तो घेऊन आला. एक सेट, दोन गाड्या. दोन मी घातले, दोन त्याने. अर्धं-अर्धं."

"नंतर गाडी ओढत नव्हती?"

"हळू दाबला तर नाही. मी हळूच चालवतो."

"हे काल का नाही सांगितलं?"

"नव्या पॅडमुळे कोणाला लागेल असं माझ्या मनातही आलं नाही. आणि आलं असतं तरी, तो तिथे पाय मोडून पडलाय. त्याचं नाव कुठे घेऊ?"

दोघांच्या गाड्या एकाच भिंतीला, डावी बाजू भिंतीकडे करून उभ्या राहत. टाकीचं पाणी रोज दोघांच्याही डाव्या चाकांवर पडत होतं. गंज दोघांचाही डावीकडेच. सेट चारचा होता आणि त्यातले दोन पॅड माझ्या टेबलावर होते. उरलेले दोन कुठे होते ते आठवलं आणि मी खुर्चीवरून उठलो.

आदल्या दिवशी रुग्णालयात सेक्रेटरीची मुलगी भेटली होती. नुकतंच लायसन्स मिळालेली. आईला घेऊन तीच गाडीने आली होती. रोज संध्याकाळी डबा घेऊन येईन, असं तिने माझ्यासमोरच बापाला सांगितलं होतं. मुलुंड ते घाटकोपर, भांडुपचा सगळा ट्रक-टेम्पोचा रस्ता.

सोसायटीत फोन असलेलं एकच घर मला माहीत होतं. तिथे फोन लावला. त्या बाई म्हणाल्या, "आत्ताच निघाल्या की दोघी. पाच मिनिटं नाही झाली."

रस्त्यावर तिला कुठे गाठणार? गाडीचा नंबर बिनतारी संदेशावर दिला आणि हवालदाराला घेऊन जीप घाटकोपरला पळवली. वाटेत कुठे गर्दी दिसली की दोघेही मान वळवून बघत होतो.

रुग्णालयाच्या फाटकात ती गाडी नव्हती. हवालदाराला तिथे उभं केलं आणि मी वर वॉर्डात गेलो. सेक्रेटरीचा पाय वजनं बांधून टांगलेला होता. तो मला बघून म्हणाला, "काय, कबूल झाला का तो?"

"एकच विचारायचंय. चार पॅडच्या सेटमधले दुसरे दोन कुठे आहेत?"

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"तुमची गाडी आत्ता रस्त्यावर आहे. तुमची मुलगी चालवतेय. शेजारी तुमची बायको आहे."

मोडलेल्या पायाचा माणूस उठून बसायला गेला. टांगलेली वजनं पलंगाच्या कडेवर आपटली, तो कळवळला, सिस्टर धावत आली. तिचा हात झटकून तो ओरडला, "थांबवा तिला! साहेब, ती गाडी ओढते! जोरात ब्रेक दाबला की डावीकडे जाते ती!"

सगळा वॉर्ड ऐकत होता. आदल्या दिवशी याच पलंगावरून, याच तोंडून आलेलं दुसरं वाक्य मी लिहून घेतलं होतं.

मी खाली धावलो. फाटकात हवालदार रस्त्याकडे डोळे लावून उभा. बस गेल्या, रिक्षा गेल्या. एक रुग्णवाहिका आत शिरली, तेव्हा मी धावत तिच्या मागच्या दारापाशी गेलो. आत एक बाळंतीण होती.

आणि मग ती छोटी गाडी दिसली. सायकलच्या वेगाने, डावा पदपथ धरून येत होती. मागचे टॅक्सीवाले हॉर्न वाजवून शिव्या घालत होते. फाटकाशी येऊन ती अगदी सावकाश थांबली.

"इतकी हळू का चालवतेस?" मी विचारलं. माझा आवाज चढलेला असावा, कारण मुलगी घाबरली.

"बाबांनीच सांगितलंय, सर. जोरात ब्रेक मारू नकोस, गाडी डावीकडे खेचते म्हणून. परवा टेम्पोवर गेली असती."

शेजारी तिची आई मांडीवर डबा धरून बसली होती. "तरी मी म्हटलं, रिक्षाने जाऊ," ती म्हणाली. आवाज दबका होता. दुपारचा फोन कोणाचा हे मला तिथेच कळलं. मी तिला कधी विचारलं नाही, तिनेही कधी सांगितलं नाही.

"चावी दे," मी मुलीला म्हणालो. "ही गाडी आता इथून टोचनानेच जाईल."

वर गेलो तर सेक्रेटरी भिंतीकडे तोंड करून पडला होता. मुलीचा आवाज ऐकल्यावर वळला. तिला जवळ बोलावून त्याने तिचा हात धरला आणि सोडलाच नाही. तसाच, हात धरून, त्याने पुरवणी जबाब दिला.

"गाडी येताना मी बघितली. त्याचा चेहराही बघितला. तो घाबरला होता. गाडी का वळली हे मला तिथेच, पडता पडता कळलं. कारण माझीही तशीच वळते."

"मग काल तसं का नाही सांगितलं?"

"चारचौघांत मला गाडीखाली घालीन म्हणाला तो. पंधरा वर्षांचा दोस्त. माझा पाय मोडला आणि त्याला तसाच जाऊ देऊ? आणि सांगायचं तरी काय होतं, साहेब? अर्धा-अर्धा सेट आणायची अक्कल माझीच होती."

जबाब वाचून दाखवला, सही घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी वाहन निरीक्षकाचा दुसरा अहवाल, दोन्ही गाड्यांचे पॅड आणि पुरवणी जबाब घेऊन कोर्टात गेलो. ३०७ वगळलं. निष्काळजीपणाने वाहन चालवणं आणि त्यातून गंभीर दुखापत ही जामीनपात्र कलमं राहिली. बारा वाजायच्या आत लेखाधिकारी जामिनावर सुटला. त्याची नोकरी राहिली. पहिल्या जबाबाबद्दल सेक्रेटरीवर कारवाई करता आली असती. वरिष्ठ म्हणाले, "पाय मोडलाय, पोरीच्या वेळेला जीव अर्धा झाला. आणखी काय करायचं त्याचं?" कागदावर मीही तसंच सोडलं.

या केसनंतर मी दोन सवयी लावून घेतल्या. तज्ज्ञाला पत्र लिहिताना मला काय हवंय ते आधी स्वतःशी नीट ठरवतो. मोघम प्रश्नाला मोघमच उत्तर येतं. दुसरी सवय साक्षीदारांबद्दलची. जबाब देणारा माणूस काय सांगतो ते तर लिहायचंच, पण त्याला ठाऊक असूनही तो कशाचं नावच काढत नाही, तेही बघायचं. आणि घरच्या गाडीबद्दल म्हणाल तर एका बाजूची झीज दिसली की मी नवीन पॅड विकत घ्यायच्या आधी चाक उचलून हाताने फिरवून बघतो.

खटला काही महिन्यांनी उभा राहिला. लेखाधिकाऱ्याने गुन्हा कबूल केला. दंडाधिकाऱ्यांनी एक हजार रुपये दंड ठोठावला. दंड भरायच्या खिडकीपाशी तो पाकीट काढत होता, तेवढ्यात काठी टेकत सेक्रेटरी आला. भांडणानंतर दोघे एकमेकांशी बोलल्याचं कोणी पाहिलं नव्हतं.

"किती?" सेक्रेटरीने विचारलं.

"तुला काय करायचंय? माझा दंड आहे."

"किती रे?"

"हजार."

सेक्रेटरीने काठी भिंतीला टेकवली, खिशातून शंभराच्या पाच नोटा काढून खिडकीत सरकवल्या. "मोजून घ्या," तो आतल्या कारकुनाला म्हणाला. "उरलेले पाचशे हा देईल."

कारकुनाने पेन उचललं. "पावती कुणाच्या नावे?"

"आरोपीच्या," मी म्हणालो. दंडाची पावती अर्धी-अर्धी करता येत नाही. पाचशे याचे, पाचशे त्याचे, कोर्टात भरले. पावती एकाच नावाची निघाली. लेखाधिकाऱ्याने ती घडी घालून सेक्रेटरीच्या खिशात ठेवली आणि भिंतीला टेकवलेली काठी त्याच्या हातात दिली.